मागची चाकं ढकलतात, थांबवतात मात्र चारही

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

प्रश्न : ताई, सप्टेंबरात आम्ही आमची पहिली गाडी घेतली. बीएमडब्ल्यू 320डी, 2016ची, ऑटोमॅटिक, 1 लाख 12 हजार किलोमीटर चाललेली. घेताना इंजिनची ताकद कोणत्या चाकांना जाते हा विचारही मनात आला नव्हता. आता ऑफिसात जो तो म्हणतो, ‘मागच्या चाकांची गाडी बर्फात? विकून टाक, नाहीतर डिकीत वाळूची पोती टाक.’ आम्ही म्युनिकजवळ राहतो. मी मूळचा नाशिकचा, बर्फात कधी गाडी चालवलेली नाही. नाताळात बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन गार्मिशवरून पुढे ऑस्ट्रियात जायचं ठरलंय. गाडीबरोबर विंटर टायरचा एक संच मिळालाय, तो तळघरात पडून आहे. त्यावर 3716 असा आकडा दिसतो. फक्त मागचे दोन नवे घेतले तर भागेल का? आणि अजून काय काय करून घेऊ? खरं सांगायचं तर झोप लागत नाही.
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : गाडी विकू नका. गाडी चांगली आहे. तुमच्या पत्रातली एकच गोष्ट मला टोचली, ती म्हणजे ‘फक्त मागचे दोन’. आधी तिच्याबद्दलच बोलते.

मी या देशात आले त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही हेच केलं होतं. जुनी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी, हातात पैसे बेताचे. नवऱ्याने हिशोब मांडला की ढकलणारी चाकं मागची, म्हणजे पकड मागे हवी. मागे दोन नवे विंटर टायर बसवले, पुढे उन्हाळ्याचेच ठेवले. कोखेलहून वाल्खनजेकडे जाणारा केसलबेर्गचा घाट आहे, तिथे रविवारी गेलो. चढताना गाडी इतकी सुरेख चढली की आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. उतरताना तिसऱ्या की चौथ्या वळणावर मी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी सरळच गेली. अजून फिरवलं, तरी सरळच. चाकं वळलेली आणि गाडी मात्र आपल्या वाटेने चाललेली, असं ते तीन सेकंद चाललं. कडेला बर्फ हटवणाऱ्या गाडीने लोटून ठेवलेला बर्फाचा ढीग होता, त्यात नाक घुसलं म्हणून थांबलो. ढीग होता म्हणून आज हे लिहिते आहे. नंतर मी इथे आउसबिल्डुंग, म्हणजे कामातून शिकण्याचा अभ्यासक्रम, करून मेकॅनिक झाले, हजारो चाकं बदलली. पण टायर बसवताना ते वळण अजून डोळ्यांपुढे येतं.

मागची चाकं गाडीला ढकलतात, एवढंच. वळवतात पुढची. थांबवतात चारही, आणि त्यातही ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर येतो. बर्फात गाडी जागची हलत नाही ही फार तर गैरसोय आहे. गाडी वळत नाही आणि थांबत नाही हे जिवावरचं संकट आहे. म्हणून चारही चाकांना एकसारखे विंटर टायर. चारांपैकी दोन थोडे कमी झिजलेले असले तर ते मागे, कारण मागची बाजू फिरली तर नवख्या माणसाला गाडी सावरता येत नाही.

आता तळघरातला संच. 3716 म्हणजे 2016 सालातल्या 37व्या आठवड्यात तयार झालेला टायर. म्हणजे गाडीबरोबरच घेतलेला पहिलाच संच दिसतो. दिव्याखाली नीट बघा. कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवं. नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं 1 ऑक्टोबर 2024पासून जर्मनीत विंटर टायर म्हणून चालत नाही. मग दोन युरोचं नाणं घ्या. त्याची बाहेरची चंदेरी कड साधारण 4 मिलिमीटर रुंद असते. नाणं टायरच्या नक्षीतल्या खाचेत उभं घाला. चंदेरी कड पूर्ण आत गेली नाही तर टायर संपला समजा. कायद्याने 1.6 मिलिमीटर चालतं हे खरं, पण बर्फात 4च्या खाली टायरला पकडायला काही उरत नाही. आणि ऑस्ट्रियात तर 4च्या खालचा टायर विंटर टायर मानतच नाहीत. तिथे 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल रस्ता हिवाळी असेल तेव्हा तो लागतोच.

खाच पुरेशी खोल निघाली तरी मी तुम्हाला नवेच घ्यायला सांगेन. विंटर टायरचं सगळं बळ त्याच्या मऊ रबरात आणि नक्षीत कोरलेल्या त्या केसासारख्या बारीक चिरांत असतं. चिरा बर्फाला चावतात, पण रबर मऊ असेल तरच. अंगठ्याचं नख दाबून बघा. इतक्या वर्षांनी ते रबर उन्हात वाळलेल्या चपलेसारखं टणक झालेलं असतं. उन्हाळी टायरचंही थंडीत हेच होतं. साधारण 7 अंशांच्या खाली त्याचं रबर कडक होऊ लागतं, मग बर्फ असो वा नसो. म्हणून इथले लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा हिशोब धरतात. जर्मनीत तारीख ठरलेली नाही, रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर विंटर टायर हवा असा नियम आहे. नसला तर 60 युरो दंड आणि लायसन्सच्या नोंदीत एक दंडाचा पॉइंट, वाहतूक अडवलीत तर 80. दंड जाऊ दे, अपघात झाल्यावर विम्याचे पैसे कापले जाऊ शकतात.

नवे घेताना रुंद टायरचा मोह नको. तुमच्या गाडीवर आत्ता बहुधा 18 इंची चाकं असतील, पुढे 225 आणि मागे 255 रुंदीची. हिवाळ्याला चारही एका मापाची, 16 किंवा 17 इंची, अरुंद घ्या. अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो, स्वस्त पडतो, खड्ड्यात रिम वाचते, आणि मुख्य म्हणजे त्यावर बर्फात चाकाभोवती गुंडाळायची साखळी बसते. मागच्या रुंद टायरवर बहुतेक वेळा साखळीला जागाच नसते. कोणत्या मापाला साखळी चालते ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं, ते वाचूनच मागवा. चाकं बदलल्यावर 50 किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा आवळून घ्या. गॅरेजवाला विसरेल, तुम्ही विसरू नका. हवा टायर गार असताना तपासा. तापमान 10 अंशांनी उतरलं की साधारण 0.1 बार हवा कमी दिसते. सप्टेंबरात भरलेली हवा डिसेंबरात पुरत नाही.

साखळी घ्याच, डोंगरात जाताय. ती तुमच्या गाडीत मागच्या चाकांवर चढते. निळ्या गोल पाटीवर साखळी गुंडाळलेलं चाक दिसलं की ती लावल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि लावल्यावर ताशी 50 किलोमीटरच्या वर जायचं नाही. पण पहिल्यांदा ती घरासमोर, दिवसाउजेडी, हातमोजे घालून लावून बघा. दोनदा. अंधारात, उतारावर, मागे गाड्यांची रांग आणि आत रडणारं मूल असताना ती पिशवीतून पहिल्यांदा काढलेली माणसं मी बघितली आहेत. बोटं बधिर होतात आणि कडी सापडत नाही.

वाळूच्या पोत्यांचं म्हणाल तर तो जुन्या गाड्यांचा उपाय. ज्यांचं सगळं वजन पुढे आणि मागे रिकामी डिकी, त्यांना उपयोग व्हायचा. तुमच्या गाडीचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं निम्मं वाटलेलं आहे. मोकळं पोतं जोरात ब्रेक मारल्यावर मुलीच्या सीटच्या पाठीवर आदळेल, ते मला अजिबात नको आहे. छोटी पिशवीभर खडी मात्र ठेवा, चाक एका जागी फिरत राहिलं तर पुढ्यात टाकायला.

डिझेलबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. जर्मनीत 16 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पंपावर हिवाळी डिझेल मिळतं, उणे 20पर्यंत टिकणारं. उन्हाळ्याचं डिझेल थंडीत मेणासारखं होतं आणि फिल्टर तुंबतो. तुम्ही रेल्वेने ऑफिसला जात असाल आणि टाकीत अजून सप्टेंबरचंच डिझेल असेल, तर ते डिसेंबरच्या आधी संपवा आणि नवं भरा.

बॅटरी तपासून घ्या. बदलावी लागली तर नवी बॅटरी गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावी लागते, ते करणाऱ्याकडेच जा. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, किती उणेपर्यंत टिकेल ते गॅरेजात दोन मिनिटांत मोजतात. काच धुण्याचं पाणी हिवाळ्याचं भरा, आणि भरल्यावर थोडं उडवून नळीतही येऊ द्या. नळीत जुनं राहिलं तर तिथेच गोठतं. दाराच्या रबराला हिर्शताल्गची कांडी फिरवा. ती हरणाच्या चरबीची असते. चरबी नको असेल तर सिलिकॉनची मिळते. सकाळी सगळ्या काचा पूर्ण खरवडा, छपरावरचा बर्फही झाडा. काचेवर गरम पाणी कधीही ओतू नका, काच तडकते. इंजिन चालू ठेवून खरवडायची सवय आपल्याकडच्या लोकांना फार आहे, इथे त्याला मनाई आहे.

आता चालवण्याचं. माझे वडील, आमचे दादा, एसटीत ड्रायव्हर होते, वाई-पाचगणी मार्गावर. एसटीची बस मागच्याच चाकांवर चालते, अँबॅसिडर आणि जुनी फियाटही तशीच होती. आपल्या आईवडिलांच्या पिढीने सगळ्या पावसाळ्यात मागच्या चाकांच्याच गाड्या हाकल्या. पसरणी घाटात, जुलैच्या चिखलात, दादा एवढंच म्हणायचे, ‘पायाखाली अंडं आहे असं समजून रेस द्यायची.’ तुम्ही कसारा घाट ओळखता. ज्या गिअरने चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. बर्फातही तेच, फक्त सगळं निम्म्या वेगाने आणि चौपट हळुवार. सुटताना गिअर हाताने दुसऱ्यात घ्या, पाय जेमतेम टेकवा. समोरच्या डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकू लागला म्हणजे गाडी स्वतः चाकं सावरते आहे, घाबरू नका, पाय थोडा उचला. खोल बर्फात किंवा साखळी लावल्यावर गाडी जागची हलतच नसेल तर डीएससीचं, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं, बटण एकदा, थोडंसंच दाबा. त्याने डीटीसी नावाचा सैल मोड चालू होतो. चाकांना थोडं जास्त फिरू दिलं जातं आणि गाडी निघते. निघाली की परत पहिल्यासारखं करा. बटण दाबून धरू नका, सगळंच बंद होतं.

मागची बाजू बाजूला सरकू लागली तर पाय रेसवरून काढा, जिकडे जायचंय तिकडे बघा आणि स्टेअरिंगही तिकडेच हलकेच न्या. ब्रेक दाबायचा मोह होतो, तो दाबायचा नाही. पुढची बाजू सरळ घसरू लागली, म्हणजे माझ्यासारखं झालं, तर स्टेअरिंग अजून फिरवू नका, उलट थोडं सोडा, वेग उतरू द्या, पकड परत येते. समोर खरोखरच काही आडवं आलं तर मात्र ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून धरा. पाय थरथरेल, ते एबीएस आहे, ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सोडू नका.

हे वाचून येत नाही. एडीएसीचं, म्हणजे जर्मनीतल्या वाहनचालकांच्या संघटनेचं, प्रशिक्षण केंद्र आउग्सबुर्गला आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. निसरड्या जागेवर गाडी मुद्दाम घसरवून सावरायला शिकवतात. जमलं तर दोघांनीही जा, कारण नाताळात थकल्यावर गाडी तुमच्या बायकोच्याही हातात जाईल. टायरवर खर्च करून झाल्यावर हातात जे उरेल ते यावर घाला.

आणि सहलीच्या दिवशी रेडिओवर घाटातली स्थिती वाईट सांगितली तर हॉटेलला फोन करून एक दिवस उशिरा निघा. मुलगी लहान आहे. बर्फ दुसऱ्या दिवशीही असतो.

प्रश्न : माझी नवी इलेक्ट्रिक गाडीही मागच्या चाकांवर चालते. वरच्यासारखीच काळजी घ्यायची का?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : टायरचं सगळं तसंच. बाकी दोन गोष्टी वेगळ्या. एक, मोटरची पूर्ण ताकद पाय टेकवताक्षणी येते, म्हणून सुटताना अजून हळू. दुसरी जास्त महत्त्वाची. पाय उचलल्यावर गाडी आपोआप वेग कमी करून बॅटरी भरते, आणि तुमच्या गाडीत ते काम मुख्यतः मागच्या चाकांकडूनच होतं. निसरड्या वळणावर झटकन पाय उचललात तर मागची बाजू सुटू शकते. सेटिंगमध्ये ते सगळ्यात कमीवर ठेवा आणि ब्रेक पायाने लावा. आणि सकाळी निघण्याआधी, चार्जर लागलेला असतानाच, गाडी आतून गरम करून घ्या. काचा आपोआप मोकळ्या होतात, आणि बॅटरीतला पल्लाही वाटेसाठी राखून राहतो.