कंसातला ‘प्रकाश’ दिव्यांचा नव्हे

प्रश्न असा आहे : ‘शाकुंतल’ वाचताना पात्राच्या नावापुढे कंसात कधी ‘स्वगतम्’, कधी ‘प्रकाशम्’ असं येतं. प्रकाश म्हणजे तिथे दिवे उजळायचे का? आणि ‘जनान्तिकम्’ हे स्वगताचंच दुसरं नाव का?

दिवे राहू द्या. ‘प्रकाशम्’ म्हणजे उघडपणे, रंगमंचावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. आधी मनाशी बोललेलं पात्र आता समोरच्याशी बोलू लागलं, एवढंच तो शब्द सांगतो. पुढे मराठी नाटककारांनी त्या जागी सरळ ‘(उघड)’ लिहिलं. शब्द मात्र आपल्या रोजच्या वापरात त्याच अर्थाने शिल्लक आहे. पुस्तक ‘प्रकाशित’ करणारा त्याच्यावर कंदील धरत नाही, ते लोकांपुढे उघड करतो.

या सगळ्या कंसांमागे एकच प्रश्न आहे : हे वाक्य कोणाला ऐकू जातं? धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात विभागणीच तशी आहे. सर्वांना ऐकू जाणारं ते प्रकाश, कोणालाच ऐकू न जाणारं ते स्वगत, आणि ठरावीक पात्रांनाच ऐकू जाणारं ते नियतश्राव्य. प्रेक्षक या हिशेबात धरलेलाच नाही. त्याला सगळंच ऐकू येतं.

जनांतिक या तिसऱ्या गटातलं. समजा, राजा, त्याचा मित्र आणि एक दूत समोरासमोर उभे आहेत. राजा मनात म्हणाला, ‘हा खोटं बोलतोय’, तर ते स्वगत. तेच तो मित्राला म्हणाला आणि दूताला ते ऐकू गेलं नाही असं आपण मानलं, तर ते जनांतिक. मित्र त्यावर उत्तरही देऊ शकतो, स्वगताला कोणी उत्तर देत नाही. नटाने हे दाखवायचं कसं, त्याचाही संकेत ठरलेला आहे : त्रिपताक हस्त, म्हणजे अनामिका दुमडून बाकीची बोटं ताठ, आणि तो हात इतरांच्या बाजूला आडोशासारखा धरायचा. पाठ वळवून एकालाच गुपित सांगितलं की ते अपवारित. त्याच्या खोलात आत्ता शिरत नाही.

हल्ली लेखांत ‘थोडं जनांतिक’ म्हणून लेखक वाचकांशी हितगुज करतात. वापर गोड आहे, माझी तक्रार नाही. पण त्यावरून नाटकातलं जनांतिक म्हणजे प्रेक्षकांशी बोलणं असं समजू नका. आणखी एक घोटाळा आपणच करून ठेवला आहे. इंग्रजीतली लांबलचक सॉलिलक्वी, म्हणजे बहुधा एकट्या पात्राचं मनाशी बोलणं, आणि असाइड, म्हणजे इतर पात्रं समोर असताना बाजूला टाकलेले चार शब्द, या दोन्हींना मराठीत बहुधा ‘स्वगत’च म्हणतात. त्यामुळे स्वगत दिसलं की पात्र एकटं आहे असं धरू नका, आसपास कोण उभं आहे ते आधी बघा.

विचारलं नाहीत, पण याच नाटकात पहिल्याच पानावर अडखळायला लावणारा शब्द आहे ‘नेपथ्य’. आज नेपथ्य म्हणजे रंगमंचावर उभारलेलं घर, जिना, खिडकी. संस्कृतात त्याचा अर्थ नटांची वेशभूषा, आणि ती जिथे चढवतात ती पडद्यामागची जागा. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार नेपथ्याकडे बघतो आणि नटीला म्हणतो, नेपथ्यविधान आटोपलं असेल तर इकडे ये. एकाच ठिकाणी दोन्ही अर्थ! आधीचं नेपथ्य ती जागा, नंतरचं नटणंसजणं. म्हणून ‘(नेपथ्ये)’ असा कंस आला की आवाज आतून येतो आहे असं वाचायचं. पडद्यामागचा हा शब्द मराठीत प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर येऊन उभा राहिला, याची मला अजून गंमत वाटते.

‘प्रवेश’ तेवढा अवघड नाही. ‘प्रवेश करतो’ म्हणजे पात्र येतं. ‘प्रवेश दुसरा’ म्हणजे अंकाचा एक भाग. संस्कृत नाटकात अंकाचे असे क्रमांकित तुकडे नसतात. शाकुंतलाचे सात अंक आहेत, आणि ‘निष्क्रान्ताः सर्वे’, म्हणजे सगळे निघून गेले, की अंक संपला. आपले क्रमांकित प्रवेश पाश्चात्त्य नाटकांच्या वळणाचे, आणि ते बहुतेक स्थळ किंवा काळ बदलला की बदलतात. जुन्या फ्रेंच नाटकांत मात्र एखादं पात्र आलं किंवा गेलं की नवा क्रमांक पडतो, मग जागा तीच का असेना. ‘प्रवेश’ हा शब्द खरं तर त्यांनाच जास्त शोभला असता.

आणि ‘प्रवेशक’ दिसला तर तो प्रवेश समजू नका. दोन अंकांच्या मध्ये दुय्यम पात्रांच्या तोंडून, दरम्यान काय घडलं ते कळवणारा तो छोटा दुवा असतो. शाकुंतलात कोळी आणि शिपायांची झटापट आहे ना, तोच.