घरमालकही तोच, पगार देणाराही तोच

प्रश्न : खासगी कंपनीने अख्खे शहर चालवले तर रस्ते, पाणी, दिवाबत्ती शिस्तीत राहील असे मला वाटते. असे कुठे झाले आहे का? मग ते टिकले का नाही?

उत्तर : झाले आहे, आणि शिस्तही होती. रेल्वेचे शयनयान डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८८० मध्ये शिकागोच्या दक्षिणेला कारखान्यालगत गाव वसवायला घेतले आणि त्याला स्वतःचेच नाव दिले. विटांची पक्की घरे, नळाचे पाणी, गॅस, झाडे लावलेले रस्ते. शिकागोतल्या मजूरवस्तीत दिवस काढलेल्याला हे फारच सुखाचे होते. पुलमनला सरसकट खलनायक ठरवणाऱ्यांतला मी नाही.

पण हा धर्मादाय नव्हता. गावातल्या गुंतवणुकीवरही सहा टक्के सुटले पाहिजेत, असा त्याचा हिशेब. घर विकत मिळत नसे; भाड्याने घ्यायचे आणि दहा दिवसांच्या नोटिशीवर सोडायचे. वाचनालयाला वर्गणी. चर्चसुद्धा भाड्याने! हिरवट दगडाचे देखणे चर्च बांधले खरे, पण त्याचे भाडे कुणाला झेपेना, म्हणून ते कित्येक वर्षे ओस पडून होते. शेजारच्या हाइड पार्कमध्ये ७५ सेंटला मिळणारा हजार घनफूट गॅस आम्हाला सव्वादोन डॉलरला पडतो, अशी कामगारांची तक्रार होती.

गोम कळली ती १८९३ च्या मंदीत. डब्यांची मागणी आटली, कंपनीने मजुरी सरासरी पाव हिश्शाने कापली. भाडे मात्र एक सेंटही उतरले नाही. पुलमनचे म्हणणे असे, की कारखाना वेगळा आणि घरांचा व्यवहार वेगळा. कागदावर बिनतोड! पण मजुराचा खिसा एकच. भागधारकांचा लाभांश त्या वर्षीही चालूच होता. गावातल्या मेथडिस्ट पाद्र्याने लिहून ठेवले आहे, की भाडे वजा जाऊन एका कामगाराच्या हाती दोन सेंटचा चेक आला. त्याने तो वटवलाच नाही, चौकट करून ठेवला.

११ मे १८९४ ला संप झाला. युजीन डेब्सच्या रेल्वे कामगार संघटनेने पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार घातला, तशी पश्चिमेकडची रेल्वे ठप्प झाली. शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे, तिथल्या राज्यपालांचा विरोध असतानाही राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी सैन्य धाडले. संप मोडला, डेब्स तुरुंगात गेला.

तुम्ही विचारलेत, टिकले का नाही. ते कोर्टात निकालात निघाले. १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या कंपनीची सनद डबे बनवण्याची आहे, गाव चालवण्याची नाही. घरे विकून टाका. पुलमन आदल्याच वर्षी वारला होता. घरे विक्रीला निघाली, तेव्हा पहिली संधी राहत्या भाडेकरूंना मिळाली. त्यांतली बरीच घरे आजही उभी आहेत, त्यांत लोक राहतात.