जकातीचा हिशेब: ॲप एक सांगतं, सासूबाई दुसरं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासर श्रीवर्धनकडचं, मिस्टर कतारला. तुमच्या अंगावरचे आणि कपाटातले मिळून बावीसएक तोळे दागिने, सासऱ्यांनी कुवेतहून आणून तुम्हाला दिलेलं सोन्याचं एक बिस्किट, तुमच्या नावावर बँकेत 3,60,000 रुपये, भावाला उसने दिलेले 80,000. शिवाय माहेराकडून आलेली सुपारी-आंब्याची वाडी आणि थोडी भातशेती. मोबाइलवरचं ॲप सगळ्या दागिन्यांवर जकात (मालातून दरवर्षी गरजूंना द्यायचा ठरावीक धार्मिक हिस्सा) लावतं, आणि सासूबाई म्हणतात, "आपल्यात दागिन्यांवर कधी कोणी दिलेली नाही."

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ती ॲपं आणि रमजानात वाटल्या जाणाऱ्या उर्दू पुस्तिका बहुतेक हनफी हिशेबाच्या असतात. आपण कोकणी मुसलमान शाफई. (हनफी आणि शाफई हे सुन्नी मुसलमानांचे दोन मस्लक, म्हणजे धर्मनियमांच्या परंपरा.) समुद्रामार्गे अरबस्तानाशी जो संबंध आला, त्यातून मलबार, भटकळ आणि कोकण या पट्ट्यात हाच मस्लक रुजला. माहीमचे सूफी संत मखदूम अली माहिमी (1372–1431) शाफईच होते. त्यामुळे आधी एक ठरवा, हिशेब कोणत्या मस्लकाने करायचा. एकदा ठरलं की सगळा त्याच मस्लकाने करा. दागिन्यांना शाफई आणि कर्ज वजा करायला हनफी, हे चालत नाही. मी जमातीच्या बैतुलमालाचा, म्हणजे जकात-चंद्याच्या तिजोरीचा, हिशेब बघतो, आणि ही सोयीची मिसळ दरवर्षी कोणी ना कोणी घेऊन येतंच.

आता दागिने. बाईने वापरायला केलेल्या, रीतीला धरून असलेल्या दागिन्यांवर शाफई मताने जकात नाही. रोज घालता की फक्त लग्नाकार्यात, याने फरक पडत नाही. फरक पडतो तो हेतूने. "अडीअडचणीला मोडता येईल" म्हणून घेऊन ठेवलेलं सोनं हा साठा झाला, त्यावर जकात आहे. आटवून नव्याने घडवल्याशिवाय घालता न येणारा मोडका दागिना असेल, तर तोही मोजा. उधळपट्टी म्हणावी इतका सोस असेल तर सूट जाते. किताबांत त्यासाठी 200 मिस्कालांच्या (मिस्काल हे जुनं अरबी वजन) पैंजणाचं उदाहरण येतं, म्हणजे साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. तुमचे बावीस तोळे त्यात बसत नाहीत. तेव्हा कपाट उघडा, एकेक डबी हातात घ्या आणि स्वतःला विचारा, ही घालायला घेतली की ठेवायला? हे उत्तर तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही, मीही नाही.

बिस्किटाला मात्र पळवाट नाही, ते घालता येत नाही. आखाती देशांतून येणारं जुनं बिस्किट दहा तोळ्यांचं असतं, पण तो तोळा आजच्या सराफाचा दहा ग्रॅमचा नव्हे, 11.664 ग्रॅमचा. म्हणजे वजन 116.64 ग्रॅम. सोन्याचा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, 20 मिस्काल, साधारण 85 ग्रॅम, तो ओलांडला. अडीच टक्के म्हणजे 2.916 ग्रॅम. तुमच्या तारखेला सराफाकडे चोख सोन्याचा भाव विचारा आणि गुणाकार करा. तरी आधी बिस्किटावरचा शिक्का नीट वाचा. अलीकडे शंभर ग्रॅमचीही मिळतात.

रोख रकमेला चांदीचा निसाब धरायची रीत आहे: 595 ग्रॅम चांदी (उर्दू पुस्तिकांत साडेबावन्न तोळे, म्हणजे 612 ग्रॅम). आजच्या भावाने तुमचे 3,60,000 त्याच्या वर जातात. त्यावर 9,000 रुपये. खात्यात व्याज जमा झालं असेल तर ते आधी बाजूला काढा. ते जकात म्हणून देता येत नाही, सवाबची (पुण्याची) नियत न ठेवता गरजूला देऊन मोकळं व्हायचं.

वर्ष चांद्र धरायचं, 354 दिवसांचं. एक हिजरी तारीख पक्की करा. वर्षाच्या मध्ये आलेल्या रकमेचं वर्ष खरं तर वेगळं चालतं, पण दर महिन्याच्या मनीट्रान्सफरचा वेगळा हिशेब कोण ठेवणार? त्या एका तारखेला जे शिल्लक असेल त्या सगळ्यावर द्या. निसाब हातात असताना मुदतीआधी दिलेली जकात चालते, तेव्हा यात नुकसान नाही. रमजानची पहिली तारीख अनेकजण धरतात. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चात येतो, म्हणजे आंब्याचा पैसा यायचा असतो आणि फवारणी-राखणीचा खर्च होऊन गेलेला असतो. म्हणून तारीख पुढे ढकलायची नाही. शिल्लक कमी तर जकात कमी, इतकंच.

वाडीचं उत्तर ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. शाफई मताने पिकाची जकात फक्त साठवता येणाऱ्या मुख्य अन्नधान्यावर आणि फळांत खजूर-द्राक्षांवर. आंबा, काजू, सुपारी, नारळ, फणस यांच्या पिकावर नाही. हनफींकडे बागेवरही उश्र (पिकाची जकात) आहे, म्हणून शेजारच्या गावातला कोणी वेगळं सांगेल. सुपारी विकून आलेला पैसा तारखेपर्यंत टिकला तर तो रोख रकमेत मोजला जाईलच. दुसऱ्यांच्या बागा कराराने घेऊन आंब्याचा धंदा करणाऱ्याचा मामला वेगळा, तो व्यापाराचा माल. मासळीचंही तसंच: समुद्रातून आलेल्या म्हावऱ्यावर नाही, होडी-जाळं ही हत्यारं म्हणून त्यांवर नाही, पण मासळी विकत घेऊन विकणाऱ्याचा धंदा मोजायचा.

भाताला मात्र जकात आहे. निसाब 5 वस्क, साधारण साडेसहाशे किलो तांदूळ. हे मूळ माप पायलीसारखं भरून मोजायचं आहे, वजनाचं नाही, म्हणून किलोचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. टरफलासकट कणगीत ठेवलेल्या भाताला माप दुप्पट, 10 वस्क. आपलं भात पावसावर होतं, म्हणून निसाब भरला तर दहावा हिस्सा. पंप लावून पाणी दिलं असेल तर विसावा. मजुरी आणि खत वजा होत नाही. वर्ष भरायची वाट बघायची नाही, झोडणी-मळणी झाली की द्यायचं. घरापुरतं करणाऱ्यांचा निसाब सहसा भरत नाही, तरी मोजून बघा.

नवी मुंबईच्या फ्लॅटचे हप्ते मिस्टर भरतात आणि ॲप ते वजा करायला सांगतं, असंही तुम्ही लिहिलंय. शाफई मताने कर्ज असलं तरी जकात कमी होत नाही. तो हिशेब तसाही त्यांचा आहे. नवरा-बायकोची जकात एकत्र मोजत नाहीत. मुलांच्या नावावर ठेव असेल तर तीही बघा, कारण आपल्याकडे अल्पवयीनाच्या मालावर जकात आहे आणि ती पालकाने भरायची.

आता भावाचे 80,000. ते परत येण्यासारखे असतील तर दरवर्षी मोजायचे, यंदाचे 2,000. भाऊ खरंच अडकला असेल तर पैसे हाती आल्यावर मागच्या सगळ्या वर्षांची द्यायची. "माफ केले, तीच माझी जकात" हे शाफई मताने होत नाही. पण बहीण भावाला जकात देऊ शकते, जर तो गरजू किंवा कर्जात बुडालेला असेल. आईवडील, मुलं यांना नाही. त्याच्या हातात द्या, परत देण्याची अट घालू नका. त्यातून त्याने तुमचं उसनं फेडलं तर ती त्याची मर्जी. त्याला हे जकातीचे आहेत असं तोंडावर सांगायची गरज नाही.

वाटपावर थोडं जास्त लिहितो, कारण इथेच घोळ असतो. कुराणातल्या सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आठ हक्कदार आहेत. गावात प्रत्यक्ष भेटतात ते फकीर, मिस्कीन, कर्जदार, क्वचित अडकलेला मुसाफिर. शाफई किताबांत फकीर म्हणजे दहाची गरज आणि हाती दोन-तीन. मिस्कीन म्हणजे दहाची गरज आणि हाती सात-आठ. स्वतःचं घर आहे म्हणून कोणी बाद होत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात तुमच्याच तालुक्यात सुपारीच्या बागा झोपल्या, तेव्हा काल देणारे होते ते आज घेणारे झाले आणि मागायला कोणी आलं नाही. होडीवरचा खलाशी बघा: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, मालकाकडून घेतलेली उचल डोक्यावर. तो रांगेत उभा राहत नाही.

रमजानात दारावर येणाऱ्या प्रत्येकाला शंभरची नोट आणि पावतीपुस्तक घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला पाचशे, या पद्धतीवर माझा राग आहे. आपल्या मस्लकात तर हुनर असलेल्याला हत्याराइतकं आणि धंदेवाल्याला भांडवलाइतकं द्यावं असं म्हटलंय. शिवणकाम येणाऱ्या विधवेला मशीन घेता येईल एवढी रक्कम एकदाच द्या. रक्कम द्या, किट नको, फोटो तर नकोच. मशिदीचा रंग, स्लॅब, कब्रस्तानची भिंत यांना जकात लागत नाही, त्याला वेगळा चंदा. हिंदू शेजारणीला मदत करायची असेल तर सदक्यातून (ऐच्छिक दानातून) मोकळ्या हाताने करा. जकातीचं पाकीट वेगळं ठेवा. आणि आपल्याकडे माल जिथे आहे तिथल्या गरजूंचा हक्क पहिला धरतात, तेव्हा गावातले हक्कदार सोडून लांबच्या संस्थेला पाठवण्याआधी काझीसाहेबांना विचारा.

फितऱ्याबद्दल, म्हणजे रमजान ईदच्या माणशी दानाबद्दल, मुंबईहून व्हॉट्सॲपवर जो आकडा फिरतो तो बहुधा हनफींचा, अर्धा साअ (जुनं अरबी माप) गव्हाच्या किमतीचा. आपला माणशी एक साअ तांदूळ, अडीच किलोच्या थोडा वर, आणि तांदूळच, तोही ईदच्या नमाजआधी पोहोचता. मिस्टरांची जकात तुम्ही इथे वाटणार असाल तर त्यांना आधी फोन करून रक्कम सांगा आणि स्पष्ट हो म्हणवून घ्या. नियत त्यांची लागते, तुम्ही फक्त वकील, म्हणजे त्यांच्या वतीने देणाऱ्या.