करवतकाठी काठ आणि सागवानी आरसा

प्रश्न : नमस्कार बाई. आमच्या घरी आजेसासूबाईंच्या वेळचा सागवानी चौकटीचा आरसा आहे. काच आडवी १४ इंच, उभी २० इंच. चौकटीची पट्टी अडीच इंच रुंद. माझ्या आईच्या टसरच्या करवतकाठी लुगड्याचा काठ त्यावर यावा असं फार मनात होतं. जाड कागदावर काठातले करवतीसारखे दात कापले, एकेकाचा पाया सव्वा इंच, आणि लाल ॲक्रेलिक रंगाने चौकटीवर उठवले. रंग कागदाखालून पसरला. वरच्या पट्टीत शेवटी दाताची नुसती चिंधी उरली. चार दिवसांनी तर रंग नखाने निघायला लागला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. सगळं घासून सुताराकडून पॉलिश करून घेऊ का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सुताराला अजिबात बोलावू नका. रंग नखाने निघतोय ही तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. तुमच्या आजेसासूबाईंच्या आरशाचं पॉलिश अजून शाबूत आहे आणि रंग त्याच्या वरच्यावर बसलाय, लाकडात शिरलेला नाही. कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं रंगावर पाच मिनिटं ठेवा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच खरवडा. सालं निघाल्यासारखा निघेल. चाकू, ब्लेड, तारेचा काथ्या काही लावू नका.

आणि स्पिरिट तर नकोच. वाळलेला ॲक्रेलिक रंग स्पिरिटने मऊ होतो हे खरं, कुणीतरी तुम्हाला तसं सांगेलही. पण आपल्याकडच्या जुन्या सागवानी सामानाला बहुतेक वेळा चपडा लाखेचं पॉलिश असतं आणि चपडा लाख विरघळवतात स्पिरिटमध्येच. म्हणजे रंगाबरोबर पॉलिशही उतरणार. खात्री करायची असेल तर चौकटीच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, स्पिरिटचा बोळा क्षणभर टेकवून बघा. जागा चिकट झाली की ती लाख.

आता पुन्हा करताना. तुमचं काय चुकलं ते तुमच्या पत्रातच आहे. पॉलिश गुळगुळीत होतं, कागद ओला झाला आणि ब्रश भरलेला होता. यातली तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती मी वडिलांच्या हाताखाली शिकले. ते रत्नागिरीला आंब्याच्या हंगामात पेट्यांवर व्यापाऱ्यांची नावं उठवायचे. पत्र्यात कापलेला साचा डाव्या हाताने पेटीवर दाबून धरायचा आणि उजव्या हातात आखूड केसांचा, टोक सपाट कापलेला ब्रश. काजळीचा काळा रंग डब्यात असायचा, पण ब्रश डब्यातून थेट साच्यावर कधी जात नसे. आधी तो एका रद्दी फळीवर आठ-दहा वेळा आपटायचा. मी लहान होते, मला वाटायचं रंग फुकट चाललाय. वडील म्हणायचे, आवाज ऐक. भरलेला ब्रश चपचप वाजतो, कोरडा ब्रश टकटक. टकटक वाजेपर्यंत पेटीला हात लावायचा नाही. पेटीच्या फळ्या खडबडीत, तरी अक्षरांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या यायच्या.

तुम्हीही तसंच करा. चमचाभर रंग बशीत घ्या, त्यात पाणी एक थेंबही घालू नका. ब्रशचं फक्त टोक लावा आणि वर्तमानपत्राच्या घडीवर आपटत राहा. कागदावर ठिपके फिके आणि कोरडे दिसू लागले की मगच साच्याकडे वळा. ब्रश उभा धरून टेकवायचा, ओढायचा नाही. साच्याच्या न कापलेल्या भागावरून सुरुवात करून कापलेल्या जागेत यायचं, म्हणजे कडेला रंगाचा दाब बसत नाही. पहिल्या हातात लाल फिका दिसेल. दिसू दे. पाच मिनिटांनी दुसरा हात, हवा तर तिसरा. तीन कोरडे हात एका ओल्या हातापेक्षा लवकर होतात, कारण नंतर पुसापुशी करावी लागत नाही.

कागद मात्र बदला. शाळेत मी मुलांकडून कार्ड पेपरला मेणबत्तीचं मेण चोळून घ्यायचे, पाच-सहा दातांपुरतं ते टिकतं. तुम्हाला ६८ दात उठवायचे आहेत. घरात जुनी एक्स-रे फिल्म असेलच. ती साच्यासाठी उत्तम. रंगाने फुगत नाही, धुता येते, पारदर्शक असल्याने खालची पेन्सिलची खूण दिसते. खाली काच ठेवून नव्या पात्याच्या कटरने कापा. पातं फिरवू नका, फिल्म फिरवा. करवतीच्या नक्षीत दोन दातांचे पाय जिथे भेटतात तिथे फिल्म फाटते, म्हणून त्या टोकाला एक-दीड मिलिमीटर जागा न कापता सोडा. साच्याला धरून ठेवणारे हे पूल आहेत. उठवून झाल्यावर ते फटीसारखे दिसतात, आणि अनेकजण बारीक ब्रशने त्या फटी भरून टाकतात. मला ते पटत नाही. काठ आणि अंगाचे धागे एकमेकांत अडकवून विणकर जी करवत काढतात, ती जवळून बघा, तिच्यातही रेघ सलग नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते.

६८ कुठून आले सांगते. कोपऱ्यांचे अडीच इंची चौकोन सोडले तर तुमच्याकडे १४ आणि २० इंचांच्या सरळ पट्ट्या उरतात. सव्वा इंची दात २० इंचांत बरोबर १६ बसतात, म्हणून उभ्या पट्ट्या तुम्हाला जमल्या. १४ इंचांत मात्र ११ बसून पाव इंच उरतो, तीच ती चिंधी. दाताचा पाया एक इंच करा: वर-खाली १४, बाजूंना २०, काहीच उरत नाही. तरीही सुरुवात पट्टीच्या मध्यापासून करा. कोपऱ्यातून निघालात तर केसाएवढी चूक शेवटच्या टोकाला जाऊन साचते. मध्यातून निघालात तर दोन्हीकडे अर्धी अर्धी विरते. शासकीय रेखाकला परीक्षेच्या संकल्पचित्रात किती मुलांची किनार याच एका कारणाने बिघडलेली मी पाहिली आहे!

कोपऱ्याचं काय? लुगड्याच्या काठाला कोपरा नसतोच, तो सरळ धावत राहतो. त्यामुळे आईच्या लुगड्यात याचं उत्तर शोधू नका. काही जण चौकटीच्या तिरक्या सांध्यावर टेप लावून दोन्हीकडचे दात तिथे कापतात. मी असते तर चौकोन मोकळा ठेवून त्यात चार दात टोकाला टोक लावून मांडले असते, त्यांचं आपोआप फूल होतं.

रंगाआधी ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. चकाकी जाऊन पृष्ठभाग मंद दिसला की पुरे. रंगाला धरायला तेवढं खरखरीतपण हवं. धूळ पुसा. मागची फळी बारीक चुकांनी ठोकलेली असेल तर त्या काढून काच बाहेरच घ्या. निघत नसेल तर जुनं पोस्टकार्ड चौकटीच्या खाचेत सरकवा आणि वरून मास्किंग टेप लावा, पण टेप त्याच दिवशी काढा. एकदा मी आठवडाभर विसरले आणि काचेवरचा डिंक काढण्यात अख्खी दुपार गेली. शेवटी पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक व्हार्निशचे दोन पातळ हात, मध्ये एक दिवस.

आणि हो, सासूबाईंना साचा धरायला सांगा. खरंच सांगते, डावा हात दुसऱ्याचा असेल तर साचा हलत नाही.

प्रश्न : आमच्या आरशाच्या खालच्या कडेला काळे डाग वाढत चाललेत. काच बदलायला मन होत नाही. काही लावून जातील का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : जाणार नाहीत. डाग काचेवर नाहीत, मागच्या चांदीच्या थरात आहेत. दमट हवा आणि पुसताना कडेने झिरपलेलं पाणी तो थर खातं. अमोनियाचा क्लीनर तर जास्तच. यापुढे आरशावर काही फवारू नका, फडक्यावर फवारा आणि मग पुसा. डाग झाकायचे असतील तर काचेवरच एनॅमल रंगाने एक अरुंद किनार उठवा. त्याआधी काच नीट कोरडी आणि तेलकटपणा गेलेली हवी. किनार खाली एकटी नको, चारही बाजूंना समान ठेवा.

प्रश्न : जुन्या चौकटीवर ऑइल पेंटचे चार-पाच थर आहेत. घासून लाकूड काढायचं आहे. घरात दीड वर्षांचं बाळ आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : घरात घासू नका, आणि कोरडं तर कुठेच घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, तुमचे थर त्याआधीचे. कोरड्या घासण्याने उडणारी धूळ जमिनीवर बसते आणि रांगतं बाळ ती हातातोंडाशी नेतं. खालचा रंग घट्ट असेल तर लाकूड काढायचा हट्ट सोडा. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून पृष्ठभाग फक्त ओलाच घासा, लगदा ओल्या कागदाने टिपून पिशवीत बांधून टाका, वर प्रायमर द्या आणि त्यावर नक्षी उठवा. हे काम गच्चीत करा, बाळ आजोळी गेलेलं असताना, आणि घरात येण्याआधी कपडे बदला.