लेस्टरच्या खोलीत विम्बल्डन: परवाना कुणाच्या नावावर?

प्रश्न: मी कोल्हापूरचा. सप्टेंबरपासून लेस्टरला एमएस्सी करतोय. चौघांनी मिळून घर भाड्याने घेतलंय. टीव्ही नाही, फक्त लॅपटॉप. बाबांच्या भारतातल्या ॲपच्या वर्गणीवर व्हीपीएन लावून मी फ्रेंच ओपनची फायनल थेट पाहिली आणि विम्बल्डनही तसंच बघणार होतो. आता दारात 'कायदेशीर रहिवासी' अशा नावाने टीव्ही परवान्याचं (इथे टीव्ही पाहायला दरवर्षी फी भरून घ्यायचा परवाना, त्या पैशांवर मुख्यतः बीबीसी चालते) पत्र येऊन पडलंय. एक मित्र म्हणतो, आपण बीबीसी बघत नाही, 'परवान्याची गरज नाही' असं ऑनलाइन भरून टाक. दुसरा म्हणतो, लॅपटॉप बॅटरीवर चालवला की झालं. हा गुन्हा आहे का? व्हिसाचं काय होईल?

उत्तर: पत्रावर तुमचं नाव नाही, हे आधी लक्षात घ्या. ज्या पत्त्यावर परवान्याची नोंद नाही, तिथे अशी पत्रं जातात. तुम्हाला कुणी पकडलेलं नाही, त्यामुळे रात्रीची झोप घालवू नका. पण मित्रांचे दोन्ही सल्ले मात्र बाजूला ठेवा.

ब्रिटनमध्ये कम्युनिकेशन्स ॲक्ट २००३ च्या कलम ३६३ प्रमाणे परवान्याशिवाय थेट प्रक्षेपण पाहणं हा गुन्हा आहे. तिथे वाहिनी बीबीसीची की भारतातली, पडदा टीव्हीचा की मोबाइलचा, याने काहीच फरक पडत नाही. तुम्ही ब्रिटनमध्ये बसून सामना चालू असतानाच पाहताय, एवढं पुरेसं आहे. व्हीपीएनमुळे ॲपला तुम्ही कोल्हापुरात दिसाल, कायद्याला तुम्ही लेस्टरमध्येच दिसता. म्हणजे बाबांनी भारतात पैसे भरलेले असूनही इथला परवाना लागतोच. आयप्लेअर या बीबीसीच्या ऑनलाइन सेवेवर तर सामना संपल्यावर पाहायलाही १ सप्टेंबर २०१६ पासून परवाना लागतो.

व्हीपीएन वापरणं हा इथे गुन्हा नाही. पण अशा वर्गण्या बहुधा त्या-त्या देशापुरत्या असतात, आणि अट मोडली म्हणून खातं बंद झालं तर ते बाबांचं होईल. काहीजण अशा वेळी पोर्ट्समथच्या पबमालकीण कॅरन मर्फी यांचा दाखला देतात. त्यांनी ग्रीसचं डिकोडर कार्ड, म्हणजे पैसे भरून पाहायच्या वाहिन्या उघडणारं कार्ड, लावून पबमध्ये प्रीमियर लीग दाखवली आणि ४ ऑक्टोबर २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकाल मोठा होता, पण तो युरोपीय संघाच्या सामाईक बाजारपेठेवर उभा होता. भारत त्यात कधीच नव्हता आणि ब्रिटनही आता नाही. तुमच्या कामाचा तो नाही.

आता बॅटरीची गोष्ट. ती अफवा नाही, म्हणूनच धोक्याची आहे. सवलत खरी आहे: विद्यार्थ्याच्या सुट्टीतल्या घराला, म्हणजे सहसा आईवडिलांच्या घराला, टीव्ही परवाना असेल, तर त्याला खोलीवर स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर थेट प्रक्षेपण पाहता येतं. पाहताना चार्जर भिंतीला जोडलेला नको. पण हा परवाना ब्रिटनचा लागतो, आणि तुमचं घर कोल्हापुरात आहे. मित्राचे आईवडील इंग्लंडमध्ये राहत असतील, तर त्याचं त्याच्यापुरतं बरोबर असेल. तुम्ही चार्जर काढून पाहिलंत तरी ही सवलत तुम्हाला मिळत नाही.

आता कपाटातून भाडेकरार काढा आणि पहिलं पान पाहा. चौघांची नावं एकाच करारावर असतील, तर सहसा सगळ्या घराला मिळून एक परवाना पुरतो. प्रत्येकाचा करार वेगळा असेल, करारात 'खोली क्रमांक ३' असं काही लिहिलेलं असेल, तर तुमच्या खोलीचा परवाना तुम्हालाच घ्यावा लागेल. एप्रिल २०२५ मध्ये वर्षाची फी १७४.५० पौंड झाली. ती एप्रिलमध्ये बदलत असते, तेव्हा भरताना चालू आकडा बघून घ्या. चौघांत वाटली तर त्या दराने माणशी ४४ पौंडही पडत नाहीत. हप्त्यानेही भरता येते. शिक्षण संपवून परत निघालात, की उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे मागता येतात. ते विसरू नका, बरीच मुलं विसरतात.

'गरज नाही' हा फॉर्म मात्र अजिबात भरू नका. विम्बल्डन थेट पाहायचं मनात असताना तसं लिहून देणं म्हणजे स्वतःच्या हाताने खोटा कागद तयार करणं. फ्रेंच ओपनचं जे झालं ते झालं, ते आपणहून कळवायला तुम्ही बांधील नाही, पण कुणी विचारलं तर खोटं बोलू नका. तपासनीस दारात आला तर वॉरंटशिवाय त्याला घरात घ्यायची सक्ती नाही. नम्रपणे नाही म्हणता येतं. त्याने लिहिलेल्या जबाबावर न वाचता सही करू नका.

या गुन्ह्याला जास्तीत जास्त १००० पौंड दंड आहे, वर कोर्टाचा खर्च. थेट तुरुंगवास नाही. नुसत्या पत्राने व्हिसाला काही होत नाही. दोषी ठरलात तर मात्र पुढच्या अर्जात दोषसिद्धीचा प्रश्न येतो आणि तिथे लपवाछपवी केलीत, तर या दंडापेक्षा ती फार महाग पडेल. परदेशात शिकणाऱ्या मुलाने हा धोका एका सामन्यासाठी घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

परवाना घ्यायचाच नसेल, तरी टेनिस सुटत नाही. रेडिओला परवाना लागत नाही, तेव्हा बीबीसी रेडिओ ५ लाइव्हवर समालोचन ऐका. विम्बल्डनच्या स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर सामन्यानंतरची क्षणचित्रं पाहा. किंवा फायनलच्या रविवारी टीव्ही परवाना असलेल्या पबमध्ये जाऊन बसा, तिथली जबाबदारी पबची. विद्यापीठाच्या कॉमन रूममध्ये टीव्ही असेल तर तिथेही पाहू शकता, फक्त तो परवाना तुमच्या खोलीला लागू होतो असं धरू नका.

करार एकत्र आहे की वेगवेगळा हे वाचूनही कळलं नाही, तर नावं आणि पत्ता झाकून पहिल्या दोन पानांचा फोटो पाठवा. मी पाहून सांगते.