‘के’ दिसला की कोंजुन्तीव्हो? : वाचकांचे प्रश्न

इटालियनच्या परीक्षेचा मोसम आला की कोंजुन्तीव्होबद्दल, म्हणजे इच्छा किंवा अंदाज सांगताना लागणाऱ्या क्रियापदाच्या रूपाबद्दल, तेच प्रश्न येतात. (‘के’ म्हणजे आपला ‘की’.) निवडक पाच घेतो.

प्रत्यय लक्षात राहत नाहीत. (कोथरूड)
अदलाबदल आहे. ‘आरे’ने संपणाऱ्या क्रियापदांना ‘ई’ (पार्लारे म्हणजे बोलणे, पार्ली), ‘एरे-इरे’वाल्यांना ‘आ’ (लिहिण्याचं स्क्रीव्हा, झोपण्याचं दोर्मा).

मी, तू, तो, तिघांनाही ‘पार्ली’च? (औंध)
हो. घोटाळा होईल तिथे सर्वनाम लावा : के इओ पार्ली, के तू पार्ली.

‘फिनिरे’चं (संपवणे) ‘फिना’ लिहिलं, मार्क गेले. (सदाशिव पेठ)
जाणारच. फिनिस्का. पण ‘आम्ही’ला फिन्यामो, तिथे ‘इस्क’ नाही. ‘पागारे’चं (पैसे देणे) ‘पागी’ लिहिताना एच विसरू नका, नाहीतर उच्चार ‘पाजी’ होईल.

क्लासमध्ये सांगितलं, मराठीत ‘आवं’ असेल तिथे कोंजुन्तीव्हो. मग ‘मला वाटतं तो झोपलाय’ इथे का लागतो? (रांजणगावला नोकरी)
हेच ते! ‘सात दिवसांत कोंजुन्तीव्हो’ची पाटी लावून असली अर्धी किल्ली विकतात. ‘तू लिहावंस अशी माझी इच्छा आहे’ : व्होल्यो के तू स्क्रीव्हा. इथे किल्ली चालते. पण ‘मी इटालियन शिकावं असं मला वाटतं’ यात इच्छा माझी आणि शिकणाराही मीच, म्हणून साधं व्होल्यो इम्पारारे. ‘आवं’ असूनही कोंजुन्तीव्हो नाही. उलट तुमच्या वाक्यात ‘आवं’ नाही, तरी लागतो : क्रेदो के दोर्मा. कारण तुम्ही खात्रीने सांगत नाही, अंदाज करताय. मराठीत ‘झोपला असावा’ म्हणून बघा, लगेच कळेल. खात्री असली की सो के दोर्मे (मला माहीत आहे की तो झोपलाय), म्हणजे साधा वर्तमान. परवा एका मुलीच्या वहीत प्रत्येक ‘के’भोवती लाल चौकट होती आणि पुढे डोळे मिटून कोंजुन्तीव्हो, ‘सो के’नंतरसुद्धा! ‘के’ काही ठरवत नाही, त्याच्या आधीचं क्रियापद ठरवतं. तुमची दहा वाक्यं शिक्षकांना दाखवा, एकट्याने तक्ते घोकू नका.

मिलानचा भाचा म्हणतो, हल्ली तिकडे कोणी वापरतच नाही. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, सोडून देऊ? (बाणेर)
गप्पांमध्ये ‘पेन्सो के’नंतर (मला वाटतं की) साधा वर्तमान बरेच जण वापरतात, खरं आहे. पण तोच भाचा अनोळखी माणसाला ‘स्कूझी’ (माफ करा), ‘सेन्ता’ (ऐका) म्हणत असेल ना? तोही कोंजुन्तीव्होच. आणि पेपर भाचा तपासत नाही. इटालियनच्या परीक्षा वेगवेगळ्या आहेत : चिल्स सिएनाच्या विद्यापीठाची, चेली पेरूजाच्या. तुमची कुठली, पातळी कुठली, काहीच लिहिलं नाहीत. केंद्राकडून त्या पातळीचा अभ्यासक्रम मागवा आणि वही घेऊन शिक्षकांकडे जा. पुढच्या आठवड्यात नाही, उद्या.