जुन्या फ्लॅटचं बाथरूम पूर्ण तोडून नवीन करायचंय, कोणतं काम आधी नि कोणतं नंतर?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट १५ वर्षं जुना आहे, खालच्यांच्या छताला ओल येऊन राहिली आणि मिस्त्री म्हणतो टाईल्स आणून ठेवा, बाकी मी पाहतो. टाईल्स आणा, पण नुसत्या टाईल्सवर काम सुरू करू नका. आम्ही नागपूरच्या मानेवाड्याला २०२२ मध्ये आमचं बाथरूम असंच पूर्ण तोडून केलं. आईचे गुडघे दुखतात, खाली बसणं होत नव्हतं, म्हणून देशी सीट काढून कमोड बसवायचा होता. आमचं जे चुकलं ते कामाच्या क्रमातच चुकलं, म्हणून सविस्तर लिहितो.

झालं असं की प्लंबरने कमोडचा पाईप भिंतीपासून ९ इंचावर काढला, फरशी लागली, टाईल्सच्या सांध्यांत ग्राउट भरून झालं आणि मग आम्ही जो कमोड आणला त्याला १२ इंच पाहिजे होते. नवी कोरी फरशी फोडावी लागली आणि त्या शेडच्या टाईल्स दुकानात संपल्या होत्या. तेव्हा हातोडा पडायच्या आधी कमोड, डायव्हर्टर (गरम-थंड पाणी मिसळून शॉवर-नळाकडे वळवणारा कॉक), शॉवर, नळ, बेसिन, जाळी सगळं घरात पाहिजे, गिझर किती लिटरचा ते ठरलेलं पाहिजे. कन्सिल्ड डायव्हर्टरची बॉडी भिंतीत किती आत बसवायची ते टाईल नि मसाल्याच्या जाडीवर ठरतं, वस्तू हातात नसली तर प्लंबर अंदाजाने बसवतो. आणि मोठा रेन शॉवर घ्यायच्या आधी गच्चीवरची टाकी किती उंच आहे ते पाहा, शॉवरच्या वर १० फूट असेल तर प्रेशर जेमतेम ०.३ बार मिळतं, पंप नसेल तर थेंब थेंबच पडेल.

मग तोडफोड. घरात एकच बाथरूम असेल तर शेजाऱ्यांशी, नातेवाइकांशी आधीच बोलून ठेवा, आमचं सगळं मिळून २४ दिवस चाललं. मजूर भंडारा-गोंदियाकडचे असले तर जुलैत धानाच्या रोवणीला गावी जातात नि तुमचं काम अर्धवट पडतं, तारीख त्यांना विचारूनच ठरवा.

तोडल्यावर पहिले सांडपाण्याचे पाईप आणि नहाणी ट्रॅप (जाळीखालचा, वास अडवणारा भाग), मग भिंतीत झिऱ्या (खाचा) मारून गरम-थंड पाण्याचे पाईप, सोबतच वायरचे पाईप. गरम पाण्याला सीपीव्हीसीच (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाईप) घ्या. गिझरला वेगळी ४ एमएमची वायर, १६ अँपिअरचा पॉइंट आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), यात पैसे वाचवू नका, ओल्या अंगाने माणूस तिथे उभा असतो. घरात म्हातारं माणूस असेल तर हाताने धरायचा दांडा कुठे लागेल ते आत्ताच ठरवा आणि त्या जागेवरून पाईप नेऊ नका. आम्ही आईला खुर्चीवर बसवून, उठताना तिचा हात आपोआप कुठे जातो ते पाहून खूण केली होती. झिऱ्या बुजवायच्या आधी सगळ्या भिंतींचे फोटो काढा, मोजायची टेप लावून, नंतर ड्रिल करताना हेच फोटो कामी येतात. आणि पाईपला टेस्टिंगचा हातपंप लावून पाण्याचं प्रेशर द्या, रात्रभर त्याच्या मीटरचा काटा खाली यायला नको. हे झाल्याशिवाय प्लास्टर करू देऊ नका, मिस्त्री कितीही घाई करो.

प्लास्टर झालं, पाणी मारून झालं की वॉटरप्रूफिंग. तुमच्याकडे ओल आहे म्हणजे खरं काम हेच आहे बाप्पा, टाईल्स पाणी अडवत नाहीत, पाणी ग्राउटमधून खाली जातंच. पाईप जिथे स्लॅबमधून जातो तिथली फट नीट भरून घ्या, कोपरे गोल करून घ्या, मग केमिकलचे दोन हात, एक आडवा एक उभा, भिंतीवर निदान फूटभर आणि शॉवरच्या भागात डोक्यापर्यंत. मे महिन्यात करत असाल तर हे काम सकाळी लवकर करायला सांगा, ४५ डिग्रीत कोट लावता लावता सुकून तडकतो.

नंतर ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी उडूनही जातं, म्हणून बाजूलाच घमेल्यात पाणी भरून ठेवा नि दोन्हीकडे खूण करा. घमेल्यापेक्षा बाथरूमचं पाणी जास्त उतरलं तर गळतंय. खालच्या ताईंना आधी सांगून ठेवा नि दोन्ही दिवस त्यांचं छत जाऊन पाहा.

कोबा (फरशीखालचा काँक्रीटचा थर) करताना ढाळ जाळीकडे, ५ फुटाला पाऊण इंच तरी. ग्रॅनाईटची चौकट याच वेळी. टाईल्स आधी भिंतीच्या, पण खालची एक ओळ सोडून, मग फरशी, मग ती राहिलेली ओळ फरशीवर टेकवून, म्हणजे भिंतीवरून आलेलं पाणी सांध्यात शिरत नाही. ग्राउट भरायच्या आधी एक बादली ओता, पाणी कुठे थांबतं ते लगेच दिसेल. मग छत-रंग, शेवटी कमोड, नळ, आरसा, दार.

एक विचारायचं राहिलं, तुमच्याकडे बाथरूमचा स्लॅब खाली दबलेला आहे का? असेल तर भराव काढून तळाला एकदा नि कोब्यावर एकदा असं दोनदा वॉटरप्रूफिंग लागेल, दिवसही वाढतील. खालच्यांच्या बाथरूममध्ये छत बाकी खोल्यांपेक्षा फूटभर खाली दिसतं का ते पाहून सांगा.